जुन्या ठकीला नवा रंग नको

इंटरनेटवर जोडीने टाकलेले फोटो सध्या फार पाहिले जातात. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडे एखादी काळवंडलेली ठकी, म्हणजे जुन्या घडणीची लाकडी बाहुली, असते: नाक झिजून सपाट झालेलं, एका डोळ्याचं काजळ पुसलेलं, लुगड्याच्या तांबड्या रंगाचे पोपडे उडालेले. उजवीकडे तीच ठकी लखलखीत. नवं कुंकू, नवी नथ, काठाला सोनेरी रेघ आणि वरून वॉर्निशचा हात. खाली कौतुकाचा पाऊस. हे काम करणाऱ्याच्या हातात कसब असतं आणि मनात त्या वस्तूबद्दल माया असते, हे मला मान्य आहे. तरीही माझं मत असं आहे की उजवीकडच्या फोटोत जुनी बाहुली उरलेलीच नसते. तिच्या लाकडावर आजची बाहुली रंगवलेली असते, आणि खालची पुन्हा दिसण्याची वाट बंद झालेली असते.

हा नुसता छंदिष्टांचा वाद नाही. कोकणातली, देशावरची जुनी घरं मोडतायत, वाडे बिल्डरकडे जातायत आणि माळ्यावरच्या पेट्या उघडल्या जातायत. दागिने, भांडी, कागदपत्रं यांचं काय करायचं ते घरच्यांना ठाऊक असतं. बाहुली निघाली की एक तर ती भंगारात जाते, नाही तर ‘जरा नीट करून घेऊ’ म्हणून कुणाच्या तरी हाती दिली जाते. थोड्याफार संग्रहालयांत पोचतात, आणि तिथेही रंगरंगोटीचा मोह सुटेलच असं नाही. सार्वजनिक पैशाने आपण वारसा सांभाळतो असं म्हणत असू, तर खेळण्यांच्या बाबतीत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे आता ठरवायला हवं. माझं म्हणणं असं: जी बाहुली खेळातून कायमची बाहेर पडली आहे तिची पडझड थांबवावी, तिच्यावर काय उपचार केले ते लिहून ठेवावं, आणि तिचा चेहरा पुन्हा रंगवू नये. जी अजून खेळात आहे, रंगमंचावर नाचते आहे, तिला हा नियम लावू नये.

झिजलेली ठकी हातात घेऊन नीट पाहा. अखंड लाकडातून कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, लुगडं रंगानेच काढलेलं. कडांवरचा रंग आधी जातो, ते साहजिकच आहे. पण कमरेपाशी, जिथे लहान मूठ बसते तिथे, रंग साफ गेलेला असतो आणि लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. डोक्याच्या मागे तेलकट काळा थर असतो. कधी डोक्यावर बारीक दातांच्या खुणा सापडतात. घरातल्या धाकट्याने दात येताना ती चघळलेली असते. एखादीच्या चेहऱ्यावर रंगाचे दोन थर दिसतात, म्हणजे पूर्वी केव्हा तरी घरातल्याच कुणी डोळे पुन्हा काढून दिलेले असतात. हा दुसरा थरही मी खरवडू देणार नाही. तो बाहुली खेळात असताना दिलेला आहे, म्हणून तो तिचाच आहे.

या खुणांना मी इतकं महत्त्व का देतो? कारण त्यांच्या धन्यांनी दुसरं काही मागे ठेवलेलं नाही. पेशवे दप्तरात घोड्यांच्या चंदीचे हिशेब आहेत. अंगणात बाहुला-बाहुलीचं लग्न लावणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीची त्यात ओळ शोधून पाहा. १८९१ साली मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला, तेव्हा पुण्यात केवढं रण माजलं होतं! बाजूने आणि विरुद्ध रकानेच्या रकाने छापले गेले. ज्यांच्या वयाबद्दल हे सगळं चाललं होतं त्यांच्यापैकी कितीजणींचा शब्द आज आपल्यापाशी आहे? त्या वयाच्या मुलींनी हाताळलेल्या वस्तू मात्र अजून थोड्या उरल्या आहेत. त्यांच्यावरची मुठीची जागा रंगाने बुजवायची, म्हणजे त्या मुलींबद्दलचा उरलासुरला पुरावा आपल्याच हाताने पुसायचा.

चिंध्यांच्या बाहुलीची गोष्ट तर याहून नाजूक आहे. तिला कोणी कलाकृती म्हणत नाही, बाजारात तिला भाव नाही, आणि म्हणून ती धुतली जाते. वरवर पाहता त्यात वावगं काही नाही. मळकी बाहुली कोण घरात ठेवणार? पण आपल्या संग्रहालयांत कुठली वस्त्रं आहेत ते आठवा. पैठण्या आहेत, शालू आहेत, शेले आहेत. ती सणावारी नेसली गेली आणि एरवी ट्रंकेत जपली गेली, म्हणून टिकली. रोजच्या वापरातलं सुती लुगडं फाटेपर्यंत नेसलं जायचं, मग त्याची गोधडी व्हायची, आणि गोधडीही विरली की पोतेरं. शेतात, चुलीपाशी, नदीवर ज्या कापडात बाया वावरल्या ते कापड म्हणूनच दुर्मीळ आहे. ते सापडलं तर गोधडीच्या पोटात सापडतं किंवा बाहुलीच्या. बाहुलीचं तोंड मळलं की त्याच्यावर दुसरी चिंधी ताणून शिवायची रीत होती, म्हणजे एका चेहऱ्याखाली जुना चेहरा असू शकतो. शिवण एका बाजूने हलक्या हाताने उसवून भिंगाखाली पाहिलं तर सूत हाताने कातलेलं आहे की गिरणीचं हे कळतं. तांबडा रंग मंजिष्ठासारख्या मुळांचा आहे की १८७०च्या सुमाराला बाजारात आलेल्या कृत्रिम अलिझरिनचा, हे प्रयोगशाळेत ओळखता येतं. साबणाच्या पाण्यात एकदा बुचकळली की रंग एकमेकांत उतरतात, आतला कापूस गोळा होतो, जुनं सूत आटून शिवणीपाशी तुटतं. वर नवा कापूस भरला आणि जुना फेकला, तर त्या कापसाबरोबर आतल्या चिंध्याही गेल्या.

हीच गोष्ट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला फार पूर्वी उमगली. तिथे लॉर्ड आणि लेडी क्लॅपहॅम या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन लाकडी बाहुल्या आहेत, साधारण १६९० ते १७०० या काळातल्या. त्यांच्या बसायच्या खुर्च्यासुद्धा सोबत आहेत. या बाहुल्या इंग्लंडबाहेर विकल्या जाऊ नयेत म्हणून लोकांना आवाहन करून पैसे उभे केले गेले आणि १९७४ साली त्या म्युझियमने घेतल्या. दोन खेळण्यांसाठी एवढा आटापिटा का, तर त्यांच्या अंगावर आतल्या कपड्यांपासून बाहेरच्या कपड्यांपर्यंत सगळा पोशाख शाबूत आहे. त्या काळातल्या माणसांचे पुरे पोशाख फारसे उरले नाहीत, कारण कापड महाग होतं, ते उसवून पुन्हा शिवलं जायचं. कुठला कपडा कुठल्या कपड्यावर चढायचा आणि कशाने बांधला जायचा, हे अभ्यासकांना या बाहुल्या सांगतात. एखाद्या उत्साही माणसाने विरलेलं रेशीम काढून त्यांना नवा झगा शिवला असता, तर त्या विकत घेण्यासारखं काही राहिलंच नसतं.

दुसरं उदाहरण जपान आणि अमेरिकेचं आहे. १९२४ साली अमेरिकेने जपानी स्थलांतरितांना दार बंद करणारा कायदा केला. पूर्वी जपानमध्ये मिशनरी म्हणून राहिलेले सिडनी ग्युलिक यांना ही कटुता सहन होईना. त्यांच्या पुढाकाराने १९२७ साली अमेरिकेतल्या मुलांकडून जपानच्या शाळांना १२,७३९ बाहुल्या गेल्या. जपानने परतभेट म्हणून ५८ मोठ्या बाहुल्या पाठवल्या. त्यामागे शिबुसावा एइइची हे ज्येष्ठ उद्योगपती होते. शिंपल्यांच्या पुडीत सरस मिसळून केलेल्या पांढऱ्या लेपाने त्यांचे चेहरे घडवले होते, आणि प्रत्येकीबरोबर तिचं स्वतःचं सामान होतं: दिवे, पेट्या, चहाची भांडी. अमेरिकेत गावोगावी त्यांची प्रदर्शनं झाली आणि त्या गडबडीत बाहुल्यांची अदलाबदल झाली. एकीच्या नावाच्या चौथऱ्यावर दुसरी उभी राहिली, आणि कित्येक संग्रहालयांत ती वर्षानुवर्षं तशीच राहिली. खरी ओळख पटवायला मग काय कामी आलं? किमोनोवरची चिन्हं, सोबतचं सामान, घडवणाऱ्याने सोडलेल्या खुणा. मधल्या काळात जिथे कुणी ‘नीटनेटकं’ करण्याच्या भरात जुना किमोनो बदलला असेल, तिथे हा दुवा कायमचा तुटला.

जपानला गेलेल्या अमेरिकन बाहुल्यांचं नशीब वेगळं होतं. युद्ध पेटल्यावर १९४३ साली त्या शत्रूच्या बाहुल्या ठरल्या. काही जाळल्या गेल्या, काहींवर मुलांकडून बांबूचे भाले मारून घेतले गेले. काही शिक्षकांनी मात्र आपल्या शाळेतली बाहुली जिवावर उदार होऊन लपवली. आज तीनशेहून थोड्या अधिक उरल्या आहेत. यांच्यापैकी एखादीच्या अंगावर त्या वर्षाचा वार असेल, तर तो बुजवून गुळगुळीत करण्याचा अधिकार कोणत्या कारागिराला आहे? माझ्या मते कुणालाही नाही, मग त्याचा हात कितीही सफाईचा असो.

मग काहीच करायचं नाही का? करायचं ते पुष्कळ आहे, पण ते फोटोत दिसत नाही. लाकडावरचा रंग का सुटतो? पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आटतं, आणि वरचा रंगाचा थर त्याच्याबरोबर ताणला-आखडला जात नाही. कोकणात हा खेळ दर वर्षी होतो. संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणारा जाणकार, आधी तिरप्या उजेडात फोटो काढतो, म्हणजे उचललेला प्रत्येक पोपडा सावलीवरून दिसतो. मग अतिनील दिव्याखाली बघतो. जुना रंग आणि नंतरचा रंग तिथे वेगवेगळे चमकतात. त्यानंतर अगदी बारीक कुंचल्याच्या टोकाने पोपड्याखाली पातळ सरसाचा किंवा पॅरालॉइड बी-७२ या राळेच्या पातळ द्रावाचा थेंब सोडायचा, तो आत ओढला जाईपर्यंत थांबायचं, वर न चिकटणारा कागद ठेवून पोपडा हळूच बसवायचा आणि हलकं वजन ठेवायचं. नखाएवढ्या जागेला बराच वेळ जातो. मळ काढायला पुष्कळदा कापसाचा बोळा थुंकीने ओलसर करून फिरवतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण लाळेतली विकरं (एन्झाइम) मळ सोडवतात आणि रंगाला पाण्याइतका धक्का लावत नाहीत. मोठमोठ्या प्रयोगशाळांत आजही ही पद्धत वापरतात.

यातला गाभ्याचा नियम असा, की आज केलेलं उद्या काढता आलं पाहिजे. पॅरालॉइड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून पुढच्या पिढीत कुणाला अधिक चांगला उपाय सापडला तर तो आपलं काम निर्धोक मागे घेऊ शकतो. दोन नळ्यांतला इपॉक्सी पिवळा पडतो आणि निघत नाही. ऑइल पेंट जुन्या रंगाच्या भेगांत उतरतो आणि त्याला सोडत नाही. हौशी दुरुस्तीत बहुधा याच दोन वस्तू वापरल्या जातात.

चिनी मातीच्या चेहऱ्याच्या विलायती बाहुल्यांना हाच न्याय. जर्मनीत थुरिंगियामधल्या झोनेबर्ग, वाल्टर्सहाउझेन भागातल्या कारखान्यांनी अशी डोकी प्रचंड संख्येने केली. डोळे लाउशा गावात काच फुंकून व्हायचे. मानेच्या मागे, केसांच्या खाली, साच्याचा आकडा कोरलेला असतो आणि त्यावरून बाहुलीचं मूळ ओळखता येतं. केसांच्या टोपाला गोंद लावताना तो आकडा भरून टाकणारे महाभाग आहेत. भेग लपवून वर रंग फवारला की विकणाऱ्याला जास्त पैसे मिळतात. डोक्याच्या आत दिवा धरला की ती भेग केसासारखी उजळते, तेवढं मात्र घेणाऱ्याने शिकून घ्यावं.

सगळ्यांत आधी जाणार त्या प्लास्टिकच्या बाहुल्या. हे अनेकांना खरं वाटत नाही. जुन्या बाहुल्यांचं सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट झालेला सेल्युलोज. ते स्वतःच कुजत जातं, त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू शेजारच्या वस्तूंनाही खातात, आणि ते भर्रकन पेट घेतं. अशी बाहुली बंद पिशवीत ठेवली तर आपलेच वायू कोंडून ती लवकर मरते. नंतरच्या पीव्हीसीच्या बाहुल्यांतून मऊपणा आणणारं द्रव्य बाहेर झिरपतं, अंग चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. १९५९ साली आलेल्या बार्बीच्या सुरुवातीच्या बाहुल्यांत कानातल्याच्या धातूमुळे कान हिरवे पडले. तीनशे वर्षांची लाकडी बाहुली उभी आहे आणि साठ वर्षांची प्लास्टिकची वितळते आहे. आपल्या आई-मावश्यांच्या बाहुल्या या दुसऱ्या गटातल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे अजून कोणी विचारही सुरू केलेला नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला मायेचा. आजीची बाहुली नातीच्या हातात द्यायची आहे, ती नात झिजलेल्या तोंडाकडे बघून घाबरते, मग रंगवली तर काय बिघडलं? वस्तू तुमची आहे, तुमच्यावर कोणाचीही सक्ती नाही. लिस्बनमध्ये १८३०पासून बाहुल्यांचं रुग्णालय चालू आहे आणि मुलांच्या हातातल्या बाहुल्या दुरुस्त करणाऱ्या अशा दुकानांबद्दल मला आदर आहे. खेळातली बाहुली मोडली तर ती सांधायचीच. पण आजीची बाहुली पन्नास वर्षं पेटीत होती. तिला पुन्हा चिमुकल्या हातात द्यायचं तर ती तिथेही टिकणार नाही. त्यापेक्षा सावंतवाडीच्या चितारआळीत तिचा फोटो घेऊन जा आणि तश्शीच दुसरी करून घ्या. लाकूड कोरणारे आणि रंगवणारे हात अजून तिथे आहेत. नातीला खेळायला चकचकीत ठकी मिळेल, कारागिराला नव्या कामाचे पैसे मिळतील आणि आजीची बाहुली आजीची राहील. ज्या कसबाचं मी सुरुवातीला कौतुक केलं त्याची खरी जागा ही आहे. संग्रहालयांनीसुद्धा हेच करावं. काचेआड मूळ बाहुली, आणि बाहेर सतरंजीवर तिच्या चार प्रती, मुलांनी वाटेल तशा खेळायला.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. जुनं तसंच ठेवणं ही साहेबांची कल्पना, आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा आहे, असं म्हटलं जातं. देवाला दर वर्षी शेंदूर लागतो, देवळाला रंग लागतो, गोधडीवर ठिगळ लागतं. हे खरं आहे, आणि पूजेतल्या मूर्तीवर संग्रहालयाचे नियम लादावेत असं मी म्हणणार नाही. पण आपल्याच परंपरेत पंढरपूर आहे. विठ्ठलाच्या पायांवर पिढ्यान्‌पिढ्या हात आणि माथे टेकले आणि मूर्तीची झीज झाली. त्यावर काय केलं जातं? पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वेळोवेळी लेपन करून झीज रोखली जाते. पाय झिजले म्हणून नवे पाय कोरा, चेहरा पुसट झाला म्हणून नाक-डोळे उठावदार करा, असं म्हणायला वारकरी धजेल का? ती झीज भक्तीची आहे हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. खेळण्यावरची झीज मायेची आहे, एवढंच मला त्यात जोडायचं आहे.

आणि म्हणूनच कळसूत्री बाहुल्यांची बाब वेगळी. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या या तिन्ही कला जिवंत ठेवल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. तिथल्या खेळातल्या बाहुलीचा दोरा तुटतो, हात निखळतो, अंगरखा विरतो, रंग उडतो, आणि घरातलीच माणसं तो पुन्हा देतात. त्यांना कोणी शहरातून जाऊन ‘हात लावू नका’ म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा होईल. यशवंत पाध्ये यांच्याकडून रामदास पाध्ये यांच्याकडे आलेला बोलका बाहुला अर्धवटराव आजवर बोलतो आहे तो त्याची डागडुजी होत राहिली म्हणूनच. नाचणाऱ्या बाहुलीला रंग देण्याचा हक्क तिला नाचवणाऱ्या हाताचा. सरकारने पैसा द्यायचा तर तो अशा घरांना द्यावा, बाहेरच्या ठेकेदाराला नव्हे. एवढीच विनंती, की नवा रंग चढवण्याआधी जुन्याचे फोटो काढले जावेत आणि जी बाहुली खेळातून निवृत्त होईल तिला मग निवांत राहू द्यावं.

संग्रहालयांकडून माझी अपेक्षा मोठी आहे. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं. कुणी ज्यांना वारसा म्हणत नव्हतं त्या घरगुती वस्तू एका बापाने मुलाच्या आठवणीत जमवल्या. रोजच्या वापरातल्या वस्तूंना मान देणारी दृष्टी महाराष्ट्रात बाहेरून आणावी लागत नाही, ती इथलीच आहे. संवर्धनाचं ज्ञानही देशात आहे: लखनौमध्ये १९७६ साली सुरू झालेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. लहान गावांतल्या संग्रहालयांपर्यंत ते पोचत नाही, ही अडचण आहे. तिथे छत गळतं, कसर लागते, आणि मंत्री येणार म्हटलं की रंगाचा डबा उघडला जातो. राज्याने फिरता संवर्धक नेमावा, जो वर्षातून एकदा अशा प्रत्येक ठिकाणी जाऊन वस्तू तपासेल. आणि रंगकामाच्या टेंडरमध्ये संग्रहातली एकही वस्तू येता कामा नये. भिंती खुशाल रंगवा. प्रदर्शनातल्या प्रत्येक बाहुलीच्या पाटीवर तिच्यात नंतरचं काय आहे ते लिहिलेलं असावं: ‘डावा हात नवा, चेहरा मूळ, वस्त्र मागाहून’. पाहणाऱ्याला ही माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि ती लिहायची म्हटलं की रंगवणाराही दहादा विचार करतो.

बाजारालाही हेच लागू करायला हवं. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या माळ्यावरची ठकीही त्यात येऊ शकते. कायद्याचा सगळा भर निर्यात, परवाना आणि नोंदणी यांवर आहे. विकताना केलेली दुरुस्ती लेखी सांगण्याचं बंधन विक्रेत्यावर घातलं, तर लपवून रंगवण्यातला नफाच संपेल.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी बाहुली निघाली आहे त्यांनी तिला उन्हात ठेवू नये, धुऊ नये, तेल लावू नये. प्लास्टिकच्या बाहुलीशेजारी डांबरगोळ्या ठेवू नयेत; त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं. चिंध्यांच्या बाहुलीला कसर लागली असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी आणि बाहेर काढल्यावर एक दिवस तशीच बांधलेली राहू द्यावी, म्हणजे बाहेरचं दव कापडाला लागत नाही. रंगवलेल्या लाकडी किंवा मेणाच्या बाहुलीवर हा प्रयोग करू नये. एरवी धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा खोक्यात, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी. गळून पडलेला पोपडा, तुटलेलं बोट, सुटलेला मणी, काहीही फेकू नये. पाकिटात घालून सोबत ठेवावं. सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. आणि घरातली सगळ्यांत म्हातारी व्यक्ती अजून सांगू शकते आहे तोवर तिला विचारून एका कागदावर लिहावं: बाहुली कोणाची, कुठल्या गावची, कोणी करून दिली, तिचं नाव काय होतं, तिचं लग्न कोणाच्या बाहुल्याशी लागलं होतं. पेन्सिलीने लिहा. शाई ओलाव्यात पसरते.